भंगारात देण्याआधी: जिस्ट कार्ड पुन्हा घडवायचे तर

कुणाच्या माळ्यावर १९९०च्या सुमाराचा पीसी पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी तो उघडून पाहा. आत जिस्ट कार्ड, म्हणजे पडद्यावर देवनागरी उमटवणारा जोड-बोर्ड, निघाले, तर फार मोलाची वस्तू हाती लागली समजा.

मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरला जिस्टचे काम केले. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. डॉसच्या पडद्याला देवनागरी येत नव्हती. हे कार्ड बसवले की वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रामांतही मराठी उमटे. त्यामागच्या इस्की संकेतप्रणालीत खालचे १२८ संकेत इंग्रजीचे, वरचे भारतीय लिपींसाठी. १९९१मध्ये ती भारतीय मानक झाली.

असले जुने कार्ड नव्याने घडवताना आधी त्याचा प्रोग्राम साठवणाऱ्या ईप्रॉम चिपमधला मजकूर उतरवून घ्यावा. चिपच्या काचेच्या खिडकीवरचे लेबल मुळीच काढू नका. अतिनील प्रकाशाने मजकूर पुसला जातो. साठवलेला विद्युतभारही वर्षानुवर्षे झिरपतो, म्हणून घाई हवी. मग बोर्ड दोन्ही बाजूंनी स्कॅन करून, मल्टिमीटरने एकेक जोडणी तपासत आराखडा काढायचा. त्यावरून नवा बोर्ड (पीसीबी) आज सहज बनवून मिळतो.

खरी कसोटी खास बनवलेल्या चिपांची. त्यांच्या आतली रचना बहुधा वाचताच येत नाही. कोणता संकेत दिला की काय बाहेर येते, ते नोंदवत तेच वागणे एफपीजीए या हवी तशी रचना भरता येणाऱ्या चिपमध्ये उतरवावे लागते. ही चिप बहुधा ३.३ व्होल्टची, जुन्या पीसीची कार्ड जोडायची बस ५ व्होल्टची. मध्ये पातळी बदलणाऱ्या चिपा घातल्या नाहीत, तर नवी चिप जळू शकते.