फ्लॅश बंद कर आधी!

मार्चमधली संध्याकाळ, वेळासचा किनारा. दोरीच्या अलीकडे आम्ही कॉलेजची गँग आणि बरेच पर्यटक. पलीकडे टोपलीतून वाळूत सोडलेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं. तळहातावर मावतील एवढीशी, पण समुद्राकडे जायची काय घाई! अंधारून आलं होतं म्हणून मी मोबाइलचा फ्लॅश ऑन केला. एक पिल्लू थबकलं, वळलं आणि चक्क माझ्याकडे यायला लागलं. ‘सो क्यूट!’ मागून कोणीतरी ओरडलं. कासवमित्र काका मात्र वैतागले, ‘अगं पोरी, फ्लॅश बंद कर आधी! त्याला वाटतंय समुद्र तिकडंच आहे.’

लाज वाटली. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि रात्रीच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं सगळ्यात उजळ असायचा तो समुद्रच. आता रिसॉर्टचे दिवे असतात आणि माझ्यासारख्यांचे फोनही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात पूर्वी कासवाची अंडी चोरीला जायची. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांसोबत काम सुरू केलं. मादी एका वेळी शंभरेक अंडी घालून निघून जाते. ती अंडी उचलून कुंपणात पुरायची, साधारण 45 ते 60 दिवस सांभाळायची आणि पिल्लं बाहेर आली की सोडायची. 2006 पासून कासव महोत्सव भरतो, घरोघरी पर्यटक उतरतात. अंड्यांपेक्षा पिल्लांतून गावाला जास्त मिळायला लागलं.

म्हणजे प्रॉब्लेम सुटला? किनाऱ्यावर बराचसा. पुढे समुद्र आहे.

कासवाला फुप्फुसं असतात, श्वासासाठी वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की समुद्रातला हा जीव चक्क बुडून मरतो. यावर उपाय आहे. जाळ्यात सळयांची चौकट बसवली की कोळंबी आत जाते आणि कासव वरच्या झडपेतून निसटतं. पण थोडी मासळीही निसटेल, ही मच्छीमारांची भीती. हे यंत्र वापरलं जात नाही म्हणून 2019 पासून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. फटका पुन्हा मच्छीमारांनाच. त्यामुळे नुसतं त्यांना व्हिलन ठरवून चालणार नाही. कासव सोडवायला जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना 2018 ची. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांचं काय? त्यात पाय अडकून जखमी झालेली कासवं डहाणूच्या उपचार केंद्रात येतात. काहींचा पाय गमवावा लागतो.

ओडिशात 2021 मध्ये टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास! एवढ्या वाटेवर तिला किती जाळी आणि किती प्लास्टिक चुकवावं लागलं असेल?

आपल्या हातात काय? महोत्सवाला जरूर जा. दोरी ओलांडू नका, वाळूत बाइक घालू नका, वेफर्सची पाकिटं परत आणा. आणि फ्लॅश? तो बंदच.

माझा बंद झाल्यावर ते पिल्लू जरा घुटमळलं, मग वळलं आणि लाटेत गेलं. फोटो नाही मिळाला. चालतंय की!