बर्फातली गाडी: आधी टायर, मग मॉडेल

पुणे, नाशिक, नागपूरहून कॅनडात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांचे पहिले काही महिने घर, बँक, मोबाइल आणि बसचा पास यांतच जातात. ऑक्टोबर लागला की काचांवर दव गोठायला लागतं, बसथांब्यावर उभं राहणं नकोसं होतं आणि घरी फोन येतो, "बाबा, गाडी घ्यावी म्हणतोय." बाबांचा सल्ला ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज बघ, रीसेल बघ, टोयोटा नाहीतर होंडाच घे. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो आपल्या हवेत तयार झालेला आहे. जिथे वर्षातले चार-पाच महिने रस्त्यावर बर्फ असतो, तिथे गाडी भरवशाची आहे की नाही हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी शोरूममध्ये दिसतच नाहीत.

गाव कोणतं, ते आधी सांगा

कॅनडाची थंडी एकसारखी नाही. व्हँकुव्हरचा हिवाळा मुख्यतः पावसाचा. टोरांटोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४ अंशांच्या आसपास असतं; तिथे बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो आणि रस्त्यांवर मिठाचा मारा चालू राहतो. विनिपेगमध्ये हीच सरासरी उणे १६ च्या आसपास जाते आणि उणे ३० अंशांच्या रात्री तिथल्या लोकांना नव्या नसतात. म्हणून टोरांटोत गाडीला सांभाळायचं ते गंजापासून, आणि विनिपेग, सस्काटून, एडमंटनमध्ये मुख्य प्रश्न असतो तो सकाळी गाडी सुरू होण्याचा. त्यामुळे 'कॅनडासाठी कोणती गाडी चांगली?' या प्रश्नाला गावाचं नाव कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

पैसे आधी टायरांवर

ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीचा ब्रेक करकचून दाबला, तर कोरड्या डांबरावर ती साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ४० मीटरच्या आसपास लागतात, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर हे अंतर शंभर मीटरच्या घरात जाऊ शकतं. या हिशेबात गाडीचं वजन, इंजिनाची ताकद, किंमत यांतलं काहीच येत नाही. येते ती फक्त टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. चार चाकं मिळून रस्त्याला टेकतात ती जागा चार तळहातांहून फार मोठी नसते, आणि सगळी मदार तेवढ्यावरच असते.

साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं. तापमान ७ अंशांच्या खाली उतरलं की त्याची पकड सुटायला लागते, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. ओळखायची खूण सोपी आहे: टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. ही खूण बर्फावर घेतलेल्या चाचणीनंतरच मिळते. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल, तर ते नक्षीच्या आकाराबद्दल असतं. त्यावर विसंबू नये. 'ऑल सीझन' या नावावरही नाही.

कायद्यांवरूनही टायरचं महत्त्व कळतं. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून ते लागतात आणि डोंगराळ भागात ही मुदत एप्रिलअखेरपर्यंत चालते. ओंटारियोत सक्ती नाही, पण हिवाळी टायर बसवणाऱ्याला विमा कंपनीने हप्त्यात सवलत द्यायलाच हवी, असा नियम २०१६ पासून आहे. सवलत मागून घ्यावी लागते, आणि नवखी मंडळी नेमकी तेवढंच विसरतात.

रिमसकट चार हिवाळी टायरांना साधारण हजार ते दीड हजार डॉलर पडतात. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण हिवाळ्यात उन्हाळी टायर कोपऱ्यात पडून असतात, त्यामुळे दोन्ही जोड जास्त वर्षं टिकतात. टायर चारही बदलायचे. फक्त पुढचे दोन बदलले, तर वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर बर्फात वापरू नये. टोरांटोसारख्या शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दुसरा जोड ठेवायला जागा नसते. त्याच्यासाठी 'ऑल वेदर' हा मधला मार्ग आहे, मात्र डोंगर-हिमकणाची खूण त्यावरही असायला हवी.

चारही चाकांना ताकद, पण ब्रेकचं काय?

विक्रेता हमखास 'ऑल व्हील ड्राइव्ह'कडे ओढतो. त्याचा फायदा खरा आहे. चढावर, बर्फाने भरलेल्या गल्लीत किंवा सिग्नलवरून निघताना चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागच्या जागी फिरत बसत नाही. पण ब्रेक चारही चाकांना प्रत्येक गाडीत असतातच. थांबण्याच्या बाबतीत या यंत्रणेची काही मदत होत नाही, आणि वळताना पकड ठरते ती टायरवरूनच. साधे टायर लावलेली भारीतली एसयूव्ही झोकात सुटते आणि पुढच्या चौकात थांबत नाही. हिवाळी टायर लावलेली कोरोला किंवा सिव्हिक तिच्यापेक्षा सुरक्षित असते, हे मी ठामपणे सांगेन.

घसरणारी गाडी सावरणारी 'स्टॅबिलिटी कंट्रोल' यंत्रणा मात्र हवीच. कॅनडात सप्टेंबर २०११ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत ती बंधनकारक आहे, म्हणून जुनी गाडी घेताना त्याआधीचं मॉडेल टाळलेलं बरं. ग्राउंड क्लिअरन्सचं मात्र तसं नाही. सुबारूच्या फॉरेस्टर, आउटबॅकसारख्या गाड्या जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच असतात, नेहमीच्या सेडान १३०-१४० च्या आसपास. जिथे बर्फ उपसणारा ट्रक पहाटेच येऊन जातो अशा शहरी रस्त्यावर सेडानचं काही अडत नाही. घर गावाबाहेर असेल, चढावर असेल किंवा पाळीची नोकरी रात्री दोनला सुटत असेल, तर उंची आणि चारचाकी ताकद दोन्हींवर केलेला खर्च वसूल होतो.

उणे तिसाची सकाळ

विनिपेग, एडमंटनसारख्या प्रेअरीतल्या शहरांत गाड्यांच्या जाळीतून एक वायर बाहेर लोंबत असते, टोकाला साधा तीन पिनांचा प्लग. घरांसमोर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये खांबांवर विजेची बोर्डं असतात आणि लोक गाडी उभी केली की प्लग लावून आत जातात. हा 'ब्लॉक हीटर'. इंजिनातलं कूलंट तो कोमट ठेवतो. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये इंजिन हीटरचं पेटंट मिळालं आणि या पट्ट्यातला हिवाळा सुसह्य झाला. हीटर रात्रभर जाळायची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी तीनेक तास पुरतात.

तो का लागतो, हे समजून घेण्यासारखं आहे. उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. मग सेल्फ मारला की नुसतं कण्हल्यासारखा आवाज येतो. म्हणून बॅटरी घेताना 'कोल्ड क्रँकिंग'चा आकडा बघायचा: उणे १८ अंशांना ती ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, हे तो सांगतो. ऑइल ०डब्ल्यू-२० सारखं पातळ हवं. '०डब्ल्यू'ची सेल्फची चाचणी उणे ३५ अंशांना घेतलेली असते. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल, तर ते मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. आपल्याकडच्यासारखं वरून साधं पाणी ओतलं, तर इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. टायरमधली हवाही दर पाच-सहा अंशांच्या उतारामागे साधारण एक पीएसआय कमी होते.

जुनी गाडी बघायला जाल, तेव्हा 'इंजिन थंड ठेवा, मी आल्यावरच सुरू करा' असं विक्रेत्याला आधी बजावा. आधीच तापवून ठेवलेली गाडी तुम्हाला खरं काहीच सांगत नाही. आणि भाड्याचं घर बघताना पार्किंगमध्ये प्लग आहे का, तेही विचारा.

नावाला भुलू नका, वर्ष बघा

टोयोटा आणि होंडाचा लौकिक खराच आहे. सिव्हिक आणि सीआर-व्ही ओंटारियोतल्या अ‍ॅलिस्टनला, आरएव्ही-४ त्याच प्रांतातल्या वुडस्टॉक आणि केंब्रिजला वर्षानुवर्षं बनत आल्या आहेत. त्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक यांची वाण नाही. पण थंडीने याच गाड्यांना धडे दिले आहेत. २०१७-१८ च्या सीआर-व्हीत आणि त्या काळातल्या सिव्हिकमध्ये १.५ लिटरच्या टर्बो इंजिनात, थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत होतं. होंडाला सॉफ्टवेअर बदलावं लागलं, वॉरंटी वाढवावी लागली. २०१९ पासूनच्या काही आरएव्ही-४ हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या जोडणीत मिठाचं पाणी शिरून गंज धरत होता. टोयोटाने कॅनडात त्या केबलची हमी वाढवली.

म्हणून या गाड्या घेऊ नयेत, असं मुळीच नाही. कंपनीच्या नावापुढे मॉडेल, वर्ष आणि इंजिन लिहून त्याचा हिवाळ्यातला इतिहास शोधायचा, आणि ते दुरुस्तीचं काम झालं का हे डीलरकडून गाडीच्या क्रमांकावरून तपासून घ्यायचं. तुमचं ऑफिस तीन किलोमीटरवर असेल, तर इंजिन कधी पुरतं तापणारच नाही. अशा गाडीचं ऑइल ठरल्यापेक्षा लवकर बदलावं आणि आठवड्यातून एकदा तिला महामार्गावर अर्धा तास पळवून आणावं.

गाडीखाली वाका

कॅनडाच्या रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ पडतं. जुन्या गाडीची खरी कुंडली तिच्या पोटाखाली असते. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि खाली वाका. सायलेन्सरवरचा लालसर थर मनावर घेऊ नका. तो दोन-तीन वर्षांच्या गाडीलाही असतो. नजर न्यायची ती ब्रेकच्या बारीक नळ्यांवर, मागच्या सस्पेन्शनच्या जोडांवर, सबफ्रेमवर आणि दारांखालच्या पट्टीवर. तिथे गंजाचे पापुद्रे सुटत असतील किंवा पत्रा बोटाने दबत असेल, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा. खाली नुकताच काळाकुळकुळीत लेप दिला असेल, तर तो कशावर दिलाय हे मेकॅनिककडून बघून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडीचा इतिहास देणाऱ्या कारफॅक्सच्या अहवालात अपघात आणि आधीचे प्रांत कळतात. ओंटारियोचं 'सेफ्टी सर्टिफिकेट' म्हणजे किमान अटी पूर्ण झाल्याचा कागद, पुढच्या वर्षाची हमी नव्हे. दोनशे डॉलरच्या आत होणारी स्वतंत्र मेकॅनिककडची तपासणी हजारो डॉलर वाचवते.

गाडी घेतल्यावर दर हिवाळ्याआधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेलाचा गंजरोधक फवारा मारून घ्यायचा. हिवाळ्यात ऊन पडलेल्या दिवशी खालून धुवायची.

विजेवर चालणारी आणि डिझेलची

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेच्या होत्या. थंडीत त्या चालत नाहीत, ही समजूत तिथेच निकालात निघते. त्यांची मर्यादा वेगळी आहे: कडाक्याच्या थंडीत एका चार्जिंगमधलं अंतर तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त घटतं आणि चार्जिंगही हळू होतं. घरी चार्जिंगची सोय आणि गाडीत हीट पंप असेल, तर जरूर घ्या. घरी प्लग नसेल, तर थांबा.

डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबतो, म्हणून थंड देशांत हिवाळ्याचं डिझेल वेगळं असतं. आपल्याकडे इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. महाराष्ट्रातून हिवाळ्यात लेहला डिझेलची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी तिथे पोचताना टाकीत मैदानी डिझेल कमीत कमी राहील असं बघावं आणि टाकी तिथेच भरावी.

शेवटचा हिशेब

टोरांटो, ओटावासारख्या शहरात एकट्याने किंवा दोघांनी राहायचं असेल, तर चार-पाच वर्षं जुनी, खालून स्वच्छ, पुढच्या चाकांवर चालणारी कोरोला किंवा सिव्हिक आणि हिवाळी टायर, इतकं पुरेसं आहे. कॅलगरीहून डोंगराकडे जाणं-येणं असेल किंवा घर गावाबाहेर असेल, तर आरएव्ही-४, सीआर-व्ही किंवा सुबारू. विनिपेग-एडमंटनकडे कोणतीही गाडी घ्या, ब्लॉक हीटर आणि ताजी बॅटरी हवीच.

डिकीत फावडं, बर्फ खरवडायची पट्टी, जंपर केबल आणि एक घोंगडी कायम असू द्या. बर्फात अडकलात, तर इंजिन चालू ठेवण्याआधी बाहेर येऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलं, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो आणि त्याला वास नसतो.

आणि मुलामुलींना गाडीसाठी पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांना एक विनंती. बजेट ठरवताना त्यातून चार हिवाळी टायरांचे पैसे आधी बाजूला काढायला सांगा. उरलेल्या पैशांत मॉडेल एक-दोन वर्षं जुनं मिळालं, तरी हरकत नाही.