व्होल्टेज ड्रॉप म्हणजे बॅटरी उतरणे नव्हे

यूएईतील रास अल खैमासारख्या दमट किनारी हवेत मेकॅनिकल ई-सिगारेट (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेले उपकरण) मंदावली की दोष बॅटरीला दिला जातो. अनेकदा कारण असते व्होल्टेज ड्रॉप (वाटेतल्या रोधामुळे होणारी विद्युतदाबातील घट). टाकी भरलेली असूनही गंजक्या नळातून धार बारीक यावी, तसे हे. कमी रोधाची कॉइल (द्रव तापवणारी तार) बसवणे हा उपाय नाही. ४.२ व्होल्टची बॅटरी आणि सांध्यांचा रोध ०.०५ ओहम धरल्यास ०.५ ओहमच्या कॉइलला घट सुमारे ०.३८ व्होल्ट होते, ०.२५ ओहमला ०.७. प्रवाह वाढून बॅटरी धोकादायकरीत्या तापू शकते. त्याऐवजी बॅटरी काढून सांधे व आटे पुसावेत, घट्ट बसवावेत. यूएईतून सुट्टीवर भारतात येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे: भारतात २०१९ पासून ई-सिगारेट आयातीवर बंदी आहे.