विश्लेषण : बगॅस, कडबा आणि श्वास... हवेतल्या बुरशीला फुप्फुसे कशी रोखतात?

गळीत हंगाम सुरू झाला की माळशिरस तालुक्यातील श्रीपूर परिसरात उसाच्या गाड्यांची रीघ लागते. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे हे गाव साखरेच्या नकाशावर आले. आज येथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. उसाचा रस काढून उरतो तो बगॅस. जिथे साखर कारखाना, तिथे बगॅसचे ढीग आणि आसपासच्या शेतांत कडब्याच्या गंजी हे नेहमीचेच दृश्य. बगॅस असो वा कडबा, ओल धरली की त्यावर बुरशी वाढते आणि तो हलवताना धुळीबरोबर तीही श्वासात जाते. तरीही बहुतेकांना काहीच होत नाही. असे का? आणि मोजक्या लोकांनाच त्रास का होतो?

बुरशी फुप्फुसांपर्यंत पोहोचते कशी?

बुरशीचा प्रसार बीजाणूंमार्फत होतो. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर, कडब्यावर, धान्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस त्याच्या २० पटींहून अधिक जाड. असे शेकडो बीजाणू प्रत्येक जण रोज श्वासावाटे आत घेतो. शहरातल्या बंद घरातही त्यातून सुटका नाही.

पहिली तटबंदी कोणती?

नाकातील केस आणि ओलसर वळणदार मार्ग मोठे कण अडवतात. त्यातून सुटलेले कण श्वासनलिकेतील चिकट स्रावात अडकतात. या नलिकांच्या पेशींवर अतिसूक्ष्म रोम असतात. ते सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलतात आणि स्रावाचा थर कणांसकट घशाकडे ढकलत राहतात. पुढे तो नकळत गिळला जातो किंवा खोकल्यातून बाहेर पडतो. विडी-सिगारेटचा धूर याच रोमांना निकामी करतो.

वायुकोशांत काय घडते?

ॲस्परजिलसचे बीजाणू इतके लहान असतात की काही जण या तटबंदीतूनही निसटून थेट वायुकोशांत पोहोचतात. तिथे पहारा देतात मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी. त्या बीजाणू गिळून आतल्या आत मारतात.

मात्र बीजाणूही हुशार. त्याच्यावर प्रथिनांचे आणि रंगद्रव्याचे आवरण असते. त्यामुळे तो सुप्त असेपर्यंत शरीराला फारसा ओळखू येत नाही. ओल आणि ऊब मिळून तो फुगला, की आवरण गळते आणि आतील बीटा-ग्लुकन ही शर्करा उघडी पडते. भक्षक पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राहक नेमकी तीच ओळखतो आणि धोक्याचा इशारा देतो. मग रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. बुरशीचा तंतू फुटलाच, तर तो गिळण्याइतका लहान राहत नाही. अशा वेळी न्यूट्रोफिल त्यावर दाहक रसायनांचा मारा करतात.

या व्यवस्थेचा महत्त्वाचा भाग म्हणजे संयम. निरुपद्रवी सुप्त बीजाणूसाठी दरवेळी युद्ध पुकारले, तर फुप्फुसांचेच नुकसान होईल.

संरक्षण कधी तोकडे पडते?

अनियंत्रित मधुमेह, कर्करोगावरील केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड यांमुळे पहारेकरी दुबळे होतात. महाराष्ट्राने याचा भीषण अनुभव २०२१ मध्ये घेतला. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. त्यांत मधुमेह असलेले आणि स्टेरॉइड घेतलेले अनेक होते. त्या बुरशीचे बीजाणू हवेत पूर्वीही होते. ढासळली होती ती तटबंदी. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले.

क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी उरली असेल, तर तिथेही ॲस्परजिलस ठाण मांडू शकते. त्यातून खोकल्यावाटे रक्त पडते आणि क्षय उलटल्याचा समज होतो.

संरक्षणाचा अतिरेक झाला तर?

बुरसटलेल्या बगॅसच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. बुरसटलेल्या वैरणीमुळे होणारा तसाच आजार ‘फार्मर्स लंग’ या नावाने ओळखला जातो. त्यामागे बुरशीसारखे तंतू असलेले, उष्णतेत वाढणारे जिवाणू प्रामुख्याने असतात. ओल्या बगॅसचा ढीग आतून तापतो, तेव्हा ते फोफावतात. हा संसर्ग नाही. धुळीच्या वारंवार माऱ्याने काहींची प्रतिकारशक्ती अकारण चवताळते आणि फुप्फुसांना सूज येते.

दिवसा काम केले की चार ते आठ तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. सुट्टीत बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा तेच. दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांवर कायमचे व्रण पडू शकतात. दम्याच्या काही रुग्णांनाही ॲस्परजिलसची अशीच ॲलर्जी होते.

मग खरी अडचण कुठे?

खोकला, ताप आणि धाप ही लक्षणे क्षय, न्यूमोनिया, बुरशीचा संसर्ग आणि बगॅसोसिस या सर्वांत दिसतात. उपचार मात्र वेगळे, काही वेळा अगदी उलट. बगॅसोसिसमध्ये धुळीपासून दूर राहणे हाच मुख्य उपचार. गरज पडल्यास डॉक्टर स्टेरॉइड देतात. तेच स्टेरॉइड बुरशीचा संसर्ग असलेल्याने दुकानातून परस्पर आणून घेतले, तर उरलीसुरली तटबंदीही कोसळते. त्यामुळे ‘काम काय करता?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारणे आणि न विचारल्यास रुग्णाने स्वतःहून सांगणे, हे एक्स-रेइतकेच महत्त्वाचे.

काळजी काय घ्यावी?

कडबा नीट वाळवून, पावसापासून झाकून ठेवावा. काळी पडलेली गंजी बंद गोठ्यात झटकू नये. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून हलवावी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे एवढे बारीक बीजाणू अडवू शकत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवावी आणि अशी कामे शक्यतो टाळावीत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीतून रक्त किंवा कामाच्या दिवशीच येणारा ताप असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. त्यातील १९ नावांपैकी सर्वाधिक धोक्याच्या गटात ॲस्परजिलस फ्युमिगेटस आहे. कडब्याच्या गंजीवर वाढते, ती हीच.