एका कुशीतली, पण एका स्वभावाची नव्हेत

आज कर्ज नाही, हप्ता नाही, दशसूत्रीही नाही. गटाची मासिक बैठक संपली, वही मिटली, सतरंजी गोळा करायची वेळ झाली की जो विषय हमखास निघतो, तो आज इथे घेते. "ताई, दोघांना एकाच हातानं वाढवलं, एकाच ताटात जेवू घातलं. थोरला शहाण्यासारखा वागतो आणि धाकटा हा असा कसा निघाला?" प्रत्येक गावात, प्रत्येक गटात हा प्रश्न असतो. आणि त्यामागे न बोललेला दुसरा प्रश्न असतो : माझंच काही चुकलं का?

आधी त्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलू. मूल हट्टी निघालं की आईने लाडावलं, बुजरं निघालं की आईने पदराखाली ठेवलं, असं बोलायची पद्धत फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. साधारण सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरही मुलाच्या प्रत्येक अडचणीचं खापर आईवरच फोडत. तिथे न्यूयॉर्क शहरात अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे नवरा-बायको, दोघेही मनोविकारतज्ज्ञ. त्यांना हे पटेना. 1956 साली त्यांनी तान्ह्या बाळांची माहिती गोळा करायला सुरुवात केली आणि शंभराहून अधिक मुलांवर ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवलं. आयांना ते अगदी घरगुती प्रश्न विचारत. अंगावर पाणी पडलं की बाळ काय करतं? नवीन चव दिली की थुंकतं की गिळतं? रोज ठरलेल्या वेळी झोपतं का? हातातलं खेळणं काढलं तर लगेच विसरतं की रडून घर डोक्यावर घेतं?

त्यातून त्यांना दिसलं की पहिल्या काही महिन्यांतच बाळाबाळांत फरक असतो, आणि तो सगळाच आईच्या वागण्यातून आलेला नसतो. एखादं बाळ एका जागी टिकत नाही, एखादं पडल्या पडल्या छताकडे बघत राहतं. एकाची भूक घड्याळाला बांधलेली, दुसऱ्याचा काही नेमच नाही. एकाला नवा माणूस दिसला की हसू फुटतं, दुसरं आईच्या मानेत तोंड लपवतं. काहींना लोकरीचा स्वेटर टोचतो, मिक्सरचा आवाज सोसत नाही. काहींच्या उशाशी बँडबाजा वाजला तरी झोप मोडत नाही. अशा नऊ गोष्टी त्यांनी नोंदवल्या.

मग त्यांनी ढोबळ गट पाडले. शंभरातली साधारण 40 मुलं सोपी, म्हणजे नेमाने खाणारी-झोपणारी, नव्याला सरावणारी. 10 अवघड, कशाचाच नेम नसलेली, पटकन आणि जोरात चिडणारी. 15 सावकाश रुळणारी. बेरीज करा, 65 झाली. उरलेली 35 मुलं कुठल्याच गटात बसली नाहीत. मला हा शेवटचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याला शिक्का मारायची फार घाई असते. "हा वांड", "ती घुमी" म्हटलं की आपलं काम संपलं! मूल एका बाबतीत सोपं आणि दुसऱ्या बाबतीत अवघड असू शकतं, नव्हे, बहुतेक असतंच.

थॉमस आणि चेस यांचं सगळ्यात मोलाचं म्हणणं स्वभावापेक्षा जुळणीबद्दल आहे. स्वभाव चांगला किंवा वाईट असं नसतं. तो घराशी, घराच्या अपेक्षांशी किती जुळतो यावर पुढचं ठरतं. स्वयंपाकघरातलंच बघा. ज्वारीच्या पिठाला कढत पाणी लागतं, कणकेला लागत नाही. परात तीच, हात तोच, तरी आपण पाणी बदलतो. भाकरी चिरली म्हणून पिठाला शिव्या देत बसत नाही.

त्यांनी न्यूयॉर्कमध्येच पोर्तो रिकोहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांचाही अभ्यास केला. त्या घरांत मुलाने वाटेल तेव्हा झोपावं, वाटेल तेव्हा उठावं, त्याची कुणाला अडचण नव्हती. शाळा सुरू झाली आणि तीच सवय अडचण ठरली. उलट सतत धावणारं मूल तिथे लहानपणीच डोकेदुखी व्हायचं, कारण घर दोन खोल्यांचं आणि बाहेर सोडायला सुरक्षित जागा नाही. आता हेच धावरं पोर आपल्या वस्तीवर, शेळ्यांमागे सोडा. तिथे सगळे म्हणतील, काय चपळ पोरगं आहे!

आता एक गोष्ट सांगते, ती जरा मन घट्ट करून ऐका. 1974 साली पूर्व आफ्रिकेतल्या मसाई या गुरं पाळणाऱ्या लोकांत मोठा दुष्काळ होता. मार्टेन डेव्हरिस नावाच्या संशोधकाने तिथली दहा शांत बाळं आणि दहा किरकिरी बाळं नोंदवून ठेवली होती. काही महिन्यांनी ते परत गेले तेव्हा बरीच कुटुंबं गुरं घेऊन दूर गेली होती. शांत बाळांपैकी 7 घरांचा पत्ता लागला, त्यातली 5 बाळं दगावली होती. किरकिऱ्यांपैकी 6 घरं सापडली, त्यात 1 दगावलं होतं. इतक्या थोड्या मुलांवरून नियम काढता येत नाही, हे खरं. पण त्यामागचं कारण आपल्या ओळखीचं आहे. जे रडतं त्याला दूध मिळतं. जे गप्प पडून राहतं ते मागे राहतं.

ही गोष्ट आफ्रिकेतली म्हणून सोडून देऊ नका. सोंगणीच्या दिवसांत, ऊसतोडीच्या फडावर बांधाच्या कडेला झोळीत बाळ असतं. "काय गुणी लेकरू हो, दिवसभर हूं की चूं नाही," असं आपण कौतुकाने म्हणतो. अशा गुणी लेकराची आठवण आईला पान्हा दाटल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत होते. म्हणून ज्यांचं बाळ फार शांत आहे त्यांनी रडण्याची वाट बघू नये. ठरावीक वेळाने उठवून पाजावं, आणि अंगणवाडीत दर महिन्याला वजन चुकवू नये. शांत बाळाचं पोट भरलंय की नाही, हे रडण्यावरून कळत नाही, वजनाच्या तक्त्यावरून कळतं. अंगणवाडी ताईंनाही माझी विनंती, की जे मूल खाऊच्या रांगेत मागे सरकतं त्याच्या ताटलीकडे एकदा बघत जा.

सावकाश रुळणाऱ्या मुलांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर होतो. असं मूल पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या दाराशी थांबतं. आई दोन दिवस ढकलून आत पाठवते, तिसऱ्या दिवशी कंटाळून घरी ठेवते. दोन्हीने बिघडतं. ढकललं की भीती वाढते, घरी ठेवलं की "रडलं की सुटका" हे पक्कं होतं. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, नवे वास, हलणारी खेळणी दाखवून पाहिली. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून कळवळायचं. अशी मुलं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त दिसली, पण सगळी झाली नाहीत. आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांना आढळलं की ज्या आया बाळाला प्रत्येक लहानसहान त्रासापासून उचलून घेत, त्यांची मुलं अधिक भित्री राहिली. ज्या आया प्रेमाने पण ठामपणे मर्यादा घालत, त्यांची कमी.

म्हणजे करायचं काय? पहिले दोन दिवस अंगणवाडी सुटल्यावर, रिकामी असताना त्याला नेऊन आणा. जागा ओळखीची होऊ दे. मग एका ओळखीच्या मुलाशेजारी बसवा, तुम्ही दाराशी बसा. दर दिवशी थोड्या आधी निघा, पण निघताना सांगून निघा. पाठ वळली की पळून जाऊ नका. पाहुण्यांसमोर "बोल ना, गाणं म्हण ना" हा आग्रह तर बंदच करा. त्या आग्रहाने एकही मूल धीट झालेलं मी पाहिलेलं नाही. यात आठ दिवसही जातील, महिनाही जाईल. शेजारणीचं मूल दुसऱ्या दिवशी खेळायला लागलं, तर लागू दे.

शिस्तीचंही तसंच आहे. ग्राझिना कोहांस्का या संशोधिकेने लहान मुलांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की भित्र्या स्वभावाच्या मुलाला हळू आवाजात, समजावून सांगितलं की ते मनात रुजतं. मोठ्याने ओरडलं की त्याला फक्त भीती आठवते, कशासाठी ओरडलं ते आठवत नाही. निडर मुलाचं मात्र वेगळं. त्याला हळू बोलून फरक पडत नाही, आणि मारूनही पडत नाही. मार खाऊन ते झटकून उभं राहतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. अशा मुलाला बांधून ठेवतो तो आईशी असलेला लोभ. आई आपल्याशी खेळते, आपलं ऐकते, म्हणून तिचं ऐकावं, असं त्याला वाटतं. जे पोर सगळ्यात जास्त मार खातं त्यालाच सगळ्यात जास्त जवळ घ्यायची गरज असते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे. नियम बदलायचा नाही. विहिरीच्या कठड्यावर चढायचं नाही, भावंडाला दगड मारायचा नाही, हे दोघांनाही सारखंच. बदलायची ती सांगायची पद्धत.

इथे एक माझं मत सांगते, पटो न पटो. एकच स्वभाव मुलात आणि मुलीत आपण वेगळ्या नावाने ओळखतो. मुलगा आपलं म्हणणं सोडत नसला की "बाणेदार", मुलगी सोडत नसली की "हिचं सासरी कसं व्हायचं!" मुलगा गप्प असला की "विचारी", मुलगी गप्प असली की "सालस". त्या सालसपणाची किंमत पुढे कळते. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी वर्गात कधी हात वर करत नसे. घरच्यांनी ठरवलं, हिला काही येत नाही, सातवीनंतर थांबवू. त्या ताईंनी दप्तर उघडून वह्या बघितल्या तर गणितं सगळी बरोबर! मग त्या बाईंना भेटल्या आणि एवढंच म्हणाल्या, तिला उभं करून विचारू नका, फळ्यावर किंवा पाटीवर लिहून दाखवायला सांगा. मुलगी आज नववीत आहे. अजूनही कमीच बोलते.

आईचाही स्वभाव असतो, हे विसरू नका. झटपट कामं उरकणाऱ्या बाईला रेंगाळणारं मूल मिळालं की सकाळी साडेनऊला रोज भांडण. तिथे मुलाला "लवकर, लवकर" म्हणण्यापेक्षा अर्धा तास आधी उठवणं स्वस्त पडतं. कधी आजीचं आणि नातवाचं बरोबर जुळतं. मग आंघोळ-जेवण आजीकडे सोपवा, त्यात कमीपणा नाही.

आता सावधगिरीचं. सगळंच स्वभावावर ढकलू नका. हाक मारली तरी मान वळत नाही, वयाप्रमाणे शब्द येत नाहीत, नजरेला नजर देत नाही, येत असलेलं बोलणं बंद झालं, तर "स्वभावच घुमा आहे" म्हणून थांबू नका. ऐकू कमी येत असेल, वाढीत काही अडत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, शक्यतो स्वतः हजर राहा आणि जे दिसलं ते डॉक्टरांना सांगा. तारीख आशाताई किंवा अंगणवाडी ताईंकडे मिळेल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या लेकराबद्दल आठ दिवस बघून तीन गोष्टी लिहून आणा, किंवा पाठ करून या : कशाने लवकर चिडतं, कशाने शांत होतं, नव्या जागी किती वेळाने रुळतं. हप्ते जमा झाले की त्यावरच बोलू.