घामाचा दाब आणि कापडाचा दाब

पावसाळा ओसरून भातकापणीस आरंभ झाला, की शालेय क्रीडास्पर्धांचा हंगामही भरात येतो; आणि नेमक्या त्याच दिवसांत, ऑक्टोबरच्या उष्म्याने आसमंत कोंदला असता, मालवण-कुडाळच्या तांबड्या मातीवर हॉकी खेळू पाहणाऱ्या मुलाच्या पालकांपुढे हा प्रश्न उभा राहतो, की गणवेशाच्या आत घालावयाचे ते अंगास घट्ट बसणारे ‘कॉम्प्रेशन’चे वस्त्र, ज्याला खेळाडू नुसते ‘इनर’ म्हणतात, ते घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोणते. या वस्त्राविषयीच्या शिफारशी पुष्कळशा शीत देशांतील बर्फावरच्या हॉकीतून आलेल्या आहेत. तेथे जाड संरक्षक साधनांखाली शरीर कोरडे व उबदार राखणे हे त्याचे मुख्य कार्य असते. आपल्या किनाऱ्यावर मात उष्णतेवर करावयाची असते, आणि तीही दमट हवेत.

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम उडून जाण्याने होते. एक ग्रॅम घाम बाष्परूप होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. जो घाम थेंबांनी मातीत गळतो तो जवळजवळ काहीच नेत नाही. आता हा घाम किती वेगाने उडेल, हे त्वचेलगतच्या बाष्पाचा दाब आणि हवेतील बाष्पाचा दाब यांच्या अंतरावर अवलंबून असते. ३५ अंश तपमानाच्या ओल्या त्वचेशी हा दाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर इतका असतो. मे महिन्यातील नागपुरात ४२ अंश तपमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर हवेतील बाष्पाचा दाब अवघा ९ मिलिमीटर, म्हणजे अंतर ३३. मालवणात ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली, तर तो २७ मिलिमीटर, म्हणजे अंतर केवळ १५. तपमान दहा अंशांनी कमी असूनही येथे घाम उडण्याची प्रेरणा निम्म्याहून कमी राहते. कोणतेही कापड, त्याचे मोल कितीही असो, हवेतील हे बाष्प कमी करू शकत नाही, ही गोष्ट जाहिरातीत छापली जात नाही म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो.

कापडाने साधते ते इतकेच, की घाम एका जागी साचू न देता तो पसरवावा. सुती धागा पाणी स्वतःच्या अंगात मुरवून घेतो व जड होतो. पॉलिएस्टरचा धागा सामान्य हवेत स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा धरीत नाही, परंतु धाग्यांमधील सूक्ष्म फटींतून केशाकर्षणाने घाम बाहेरच्या पृष्ठभागावर नेतो. हे घडण्यासाठी कापड त्वचेस सर्वत्र टेकलेले असावे लागते, आणि घट्टपणाचा खरा लाभ मला येथेच दिसतो. तो टेकण्यापुरताच हवा, आवळण्याइतका नव्हे.

आवळण्याचा दाबही पाऱ्याच्या मिलिमीटरांतच मोजतात. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमानुसार कापडाचा ताण तोच असला तरी अवयव जितका बारीक तितका त्यावरील दाब अधिक. म्हणून जे वस्त्र मांडीवर सुखद वाटते तेच पोटरीच्या खाली रुतू शकते. यास्तव केवळ उंची व वजन पाहून माप ठरवू नये. कंबर, मांडी व पोटरी यांचे घेर फितीने मोजावेत, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हे दर हंगामास करावे. अशा दाबाने धावण्याचा वेग वा बळ वाढते, असे बहुतांश प्रयोगांत दिसून आलेले नाही. खेळानंतरची स्नायूंची ठणक काहीशी कमी होते, इतके मात्र पुष्कळदा आढळले आहे. त्याहून निश्चित लाभ म्हणजे खरचटण्यापासून रक्षण, कारण जांभ्याची खडी काय किंवा १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून रूढ झालेले कृत्रिम हिरवळीचे मैदान काय, दोन्ही घसरून पडणाऱ्याच्या गुडघ्याची सालटी काढतात.

गोलरक्षकाची गोष्ट निराळी. छातीपासून पावलांपर्यंत साधनांनी झाकलेल्या त्या मुलाचा घाम उडण्यास वाटच नसते. त्याने इनर अतिशय पातळ घ्यावे, आणि प्रत्येक विश्रांतीत शिरस्त्राण व हातमोजे उतरवून वारा घ्यावा.

धुण्याची हयगय येथे विशेष महाग पडते. घामातले मीठ ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत हवेतील पाणी ओढून घेते. त्यामुळे न धुता नुसते वाळत घातलेले घामट वस्त्र आपल्या किनाऱ्यावर पुरते वाळतच नाही, आणि तेच पुन्हा अंगात चढविले की जांघेत नायटा धरतो. खेळ संपताच साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवावे. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, कारण त्याचा लेप केशाकर्षणास अडवितो. आणि १९५८ साली शोधल्या गेलेल्या ज्या इलास्टेनच्या धाग्यामुळे हे कापड ताणले जाते तो उष्णतेने व ब्लीचने निकामी होत असल्याने, वाऱ्यावर पण सावलीत वाळवावे.

म्हणून पालकांस माझे सांगणे असे, की एका भारी किमतीच्या वस्त्रापेक्षा त्याच खर्चात पातळ, जाळीदार विणीची, नेमक्या मापाची दोन साधी वस्त्रे घ्यावीत, म्हणजे एक दोरीवर असताना दुसरे मुलाच्या अंगावर धुतलेले असेल.