वावरातील गार आणि तिचे मूळ गाव

काळ्या जमिनीत दगड नाही, हे आम्ही भातकुलीकडील लोक आपले भाग्य समजतो. पूर्णा, पेढी आणि त्यांना मिळणाऱ्या लहानमोठ्या नाल्यांनी हजारो वर्षे गाळ आणून आमचा हा खारपाणपट्टा भरून काढिला आहे. येथे विहीर खोदणाऱ्यास खारे पाणी लागते, परंतु खडक लागत नाही. घराच्या पायास दगड हवा असेल तर तो बाहेरून गाडीने आणावा लागतो. मातीत चुनखडीचे खडे मिळतात खरे, पण ते त्याच मातीत तयार झालेले असतात. तेव्हा अशा जमिनीत तासाच्या बुडाशी एखादी तुकतुकीत, पारदर्शक गार निघाली, तर ती तेथे आपोआप उगवलेली नसून कोणी तरी किंवा कशाने तरी आणिलेली आहे, हे उघड होय. इतकी साधी गोष्ट ध्यानात येण्यास आम्हास मात्र पुष्कळ वर्षे लागली.

आम्ही महसूल खात्यात कारकून असता एक वृद्ध कास्तकार फेरफाराच्या कामासाठी कचेरीत आले. त्यांनी धोतराच्या सोग्यातून पाचसात गारा काढून आमच्या मेजावर ठेविल्या व म्हणाले, "बाबूजी, आमच्या वावरात खडा सापडत नाई, मंग ह्या गारा आल्या कुठून?" गारांच्या कडा वस्तऱ्यासारख्या होत्या, त्यांतील दोन तर बोटाच्या पेराएवढ्या, दोन्ही बाजूंनी सरळ अशा पात्या होत्या. आम्ही हसून म्हटले, "बाबा, चकमकीच्या असतील." त्या गारा पुढे कित्येक दिवस आमच्या कागदांवर वजन म्हणून पडून होत्या. त्यांपैकी तीन आजही आमच्या घरी आहेत. परंतु ते गृहस्थ कोणत्या गावचे, त्यांचा सर्व्हे नंबर कोणता, गारा वरच्या थरात मिळाल्या की खोल, यांपैकी एक अक्षरही आम्ही लिहून ठेविले नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींची नोंद ठेविली, त्याच्या हातून ही चूक व्हावी, याची खंत वाटते.

अशा पात्यांचे महत्त्व काय, ते सांगतो. तांबे दुर्मिळ व लोखंड अज्ञात अशा काळी, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी व त्याही आधी, आमच्या महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांची बरीचशी हत्यारे गारेची होती. लहान पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकासारख्या पदार्थाने बसविली की तिचा विळा होई. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन करून अशा शेतकऱ्यांचे संपूर्ण खेडे उजेडात आणिले. आमच्याच अमरावती जिल्ह्यात, चांदूरबाजार तालुक्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ साली केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील वस्ती मिळाली व त्या लोकांच्या धान्याचे अवशेषही तपासले गेले. म्हणजे या पूर्णेच्या खोऱ्यात शेतीची वहिवाट आमच्या सातबाऱ्याहून फारच जुनी आहे.

याहूनही प्राचीन हत्यारे म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या दगडी कुऱ्हाडी होत. हिंदुस्थानात अशी कुऱ्हाड प्रथम ओळखिली ती रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भतज्ज्ञाने, मद्रासजवळील पल्लावरम् येथे, ३० मे १८६३ रोजी. महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५४ पासून केलेल्या उत्खननामुळे हा विषय सर्वांस परिचित झाला.

आता गारेचे मूळ गाव कसे शोधावयाचे? वऱ्हाडच्या उत्तरेस गाविलगडचे व दक्षिणेस बालाघाटचे डोंगर आहेत. हे दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या शिलारसाचे आहेत. तो रस थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांची पोकळी राहिली आणि पुढे तीत पाणी झिरपून गार, अकीक वगैरे खडे तयार झाले. मोर्शीच्या उत्तरेस सालबर्डीकडे मात्र या काळ्या खडकाखालील अधिक जुने वालुकाश्म व इतर खडक उघडे पडले आहेत. त्याच भागात, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत, अमरावतीच्या काही निसर्गप्रेमी मंडळींनी २००७ साली प्राचीन चित्रे असलेल्या गुहा शोधून काढिल्या. ते कोणी पगारी संशोधक नव्हते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

तज्ज्ञ प्रथम दगडाची साल पाहतात. साल गुळगुळीत झिजलेली असेल तर तो गोटा नदीच्या पात्रातून उचलिला. खडबडीत असेल तर खडकातूनच काढिला, असे अनुमान निघते. नंतर दगडाची चकती घासून मिलिमीटरच्या तीनशतांश भागाइतकी पातळ करितात. तीतून उजेड आरपार जातो व सूक्ष्मदर्शकाखाली आतील खनिजे दिसतात. याच रीतीने एच. एच. थॉमस यांनी १९२३ साली इंग्लंडातील स्टोनहेंज येथील निळसर शिला दूरच्या वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून आणिल्या, हे दाखविले. त्याहून सूक्ष्म रीत म्हणजे दगडातील अत्यल्प मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून ते ज्ञात खाणींतील नमुन्यांशी ताडून पाहणे. हडप्पा येथील दगडांची व अकीकाची अशी तपासणी रँडल लॉ यांनी केली, तेव्हा त्या एका नगरात किती दूरदूरचा माल येत असे, ते कळून आले.

परंतु येथे घाई उपयोगाची नाही. दख्खनच्या काळ्या खडकात गार सर्वत्र मिळते. त्यामुळे एकट्या तुकड्यावरून डोंगर ठरविणे कठीण जाते. शिवाय वावरातील प्रत्येक गार प्राचीन नसते. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत चिलमीसाठी चकमक झाडीत. तिचेही टवके पडत. सडकेची गिट्टी गाडीच्या चाकाबरोबर वावरात येते. आणि सर्वांत मोठा घोटाळा पांढरीचा. ओसाड गावठाणाची पांढरी माती खत म्हणून काळीत पसरण्याची आपली जुनी रीत आहे. त्या मातीबरोबर खापरे, मणी, गारांची पाती असे सर्व शेतात जाते. मग पाती सापडते एका ठिकाणी आणि तिचे घर असते दुसऱ्या ठिकाणी. आता तर यंत्राने दोन दिवसांत आख्खी टेकाडे सपाट होतात. फेरफार न नोंदविता जमीन हस्तांतरित व्हावी, तसाच हा प्रकार होय.

कित्येक कास्तकार अशी वस्तू लपवितात. सरकारास कळले तर जमीन जाईल, अशी त्यांस धास्ती असते. ही धास्ती अवास्तव आहे. एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून संरक्षित करावयाचे झाल्यास १९५८ च्या कायद्याप्रमाणे आधी राजपत्रात सूचना काढावी लागते व हरकतीस दोन महिन्यांची मुदत असते. वावरात विखुरलेल्या चार गारा दाखविल्याने कोणाचा बांध सरकत नाही. पुरलेले द्रव्य किंवा मौल्यवान वस्तू मिळाली तर गोष्ट वेगळी. दहा रुपयांहून अधिक किमतीची असल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी देणे आवश्यक आहे.

म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच की, नांगरताना, शेततळे किंवा विहीर खोदताना धारदार कडेची गार किंवा घडविलेला दगड मिळाल्यास तो फेकू नये आणि त्यासाठी मुद्दाम उकरूही नये. तो कापडी पिशवीत ठेवून सोबत चिठ्ठी घालावी. तीत गाव, गट नंबर, कोणत्या धुऱ्यापासून किती अंतर, किती हात खोल, तारीख, आणि त्या वावरात पूर्वी पांढरी टाकिली होती किंवा नाही, इतके लिहावे. नंतर तहसील कचेरीमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावे. दगडाचे मूळ गाव तज्ज्ञ शोधतील. पण तो सापडला कोठे, हे त्या वावराच्या धन्यावाचून दुसरा कोणी सांगू शकणार नाही.

आमच्या घरच्या तीन गारा आम्ही एका तज्ज्ञ गृहस्थांस दाखविल्या. त्यांनी त्या उजेडात धरून पाहिल्या, पात्या उत्तम आहेत असे सांगितले, आणि पहिलाच प्रश्न विचारिला, "कोणत्या वावरातील?" आम्हास उत्तर देता आले नाही.